पोशाने बांधलेली डोलकाठी

डोलकाठी म्हणजे हातात धरायची काठी नव्हे. होडीच्या मधोमध खाचेत उभा केलेला, शीड पेलणारा तो अख्खा सोट असतो. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. होडीच्याच कडांना ताणून बांधलेले दोर त्याला सावरतात. 'होडीच्याच' हा शब्द ध्यानात असू द्यावा.

खाडीकाठच्या एका गावात पोशा नावाचा भोळा गडी राहत असे. समुद्र त्याने जन्मभर काठावरूनच पाहिला होता. एके श्रावणात हिराजी नाखवा आपल्या होडीला नवी डोलकाठी बसवायला निघाला. तो म्हणाला, "पोशा, हाताला हात लाव. नारळी पुनवेला काठी जागची हलली नाही, तर तुला होडीत घेतो."

पोशा हरखला.

"हा दोर धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही." पोशाने धरला. काठी उभी राहिली, सुताराने पाचर ठोकली, मंडळी जेवायला गेली. दिवेलागणीला नाखवीण पाहते, तो पोशा दोर धरून उभाच!

"अरे मेल्या, जेवलास का?"

"नाखव्याने सोड म्हटलं नाही."

नाखव्याने कपाळाला हात लावला. "समोरचा माणूस निघून गेला, की सोडावा रे!"

"पुढच्या खेपेस तसंच करीन, नाखवा."

दुसऱ्या दिवशी काठी कललेली दिसली. पाचर काढून ती पुन्हा उभी करू लागले. अर्ध्यावर आली असता नाखवा तंबाखू थुंकायला बाजूला गेला. पोशाने दोर सोडला. कोंबड्यांचे खुराडे चपटे झाले. कोंबड्या अंगणात होत्या, हे त्यांचे दैव.

"हातात धरूच नकोस! बांध कशाला तरी!"

"पुढच्या खेपेस तसंच करीन, नाखवा."

तिसऱ्या दिवशी शेजारी गाडीचा बैल रवंथ करीत होता. पोशाने दोर त्याच्या शिंगांना बांधला. बैलाला तहान लागली. काठी त्याच्यामागून विहिरीच्या वाटेला लागली.

"गाढवा, हलतं त्याला दोर बांधतात? जे जागचं हलत नाही, त्याला बांध!"

"पुढच्या खेपेस तसंच करीन, नाखवा."

पुनव उजाडली. काठी कशीबशी बसली होती. भरती चढली, होडी तरंगू लागली, काठावर नारळाची पूजा मांडली. नाखवा म्हणाला, "पोशा, दोर बघून ये. काही हलतंय का?"

पोशाने पाहिले. होडीच हलत होती. आणि सारे दोर होडीलाच बांधलेले! त्याच्या अंगावर काटा आला. एवढी मोठी चूक नाखव्याच्या कशी ध्यानात आली नाही? त्याने एकेक दोर सोडला आणि काठावरच्या जुन्या उंडीच्या झाडाला नेऊन आवळला.

नारळ पाण्यात सोडला. मंडळी होडीत चढली, वल्ही पडली. होडी गेली. काठी खाचेतून उखडून मागेच राहिली, उंडीच्या फांद्यांना टेकून उभी.

पोशा कमरभर पाण्यात नाचू लागला. "नाखवा! होडी हलली, पण काठी नाही हलली! आता मला न्यायला या!"

ही गोष्ट सांगणारे सांगतात, की पोशाला गाठ मारता येत नव्हती, म्हणून काठी निसटली. हे साफ चूक आहे. गाठ इतकी पक्की होती, की ती सोडवणे कुणाला जमले नाही. शेवटी नाखव्याने कोयता मागवला.