नाव घेतलं की नाव येते

खारबंदरच्या धक्क्यावर दोन गोष्टी पाहून पाहुणे हमखास थबकतात. एक, बंदराच्या तोंडाशी पाण्यातून डोकं काढून बसलेला काळा खडक. त्याला म्हणतात ‘अवोचा खडक’. अवो म्हणजे तुमच्याकडच्या बायकांचं ‘अहो’. दुसरी गोष्ट, धक्क्यावरचा पहिला खुंट. इथे होड्यांची इतकी दाटी, की एकीवरून दुसरीवर पाय टाकत माणूस पलीकडे जाईल. पण त्या खुंटाला कधी दोर नाही. कुणी नवखा तिथे होडी बांधायला गेलाच, तर चार म्हाताऱ्या एकदम ओरडतात. का ओरडतात, ते ऐका.

पण आधी आमचं धुकं. माघ लागला की ते दर्यावरून असं आत शिरतं, की मोहोराच्या काळजीनं बागवाले देव पाण्यात घालून बसतात, वाळत टाकलेले बोंबील पुन्हा ओले होतात, आणि एसटी स्टँडवर कुठली गाडी लागलीय ते कंडक्टरच्या आवाजावरून ओळखावं लागतं. शहर त्याला शिव्या देतं आणि दुसऱ्या कुणी दिल्या तर भांडायला उठतं. अशा सकाळी खारबंदरच्या बायका घरात राहत नाहीत. नवं लुगडं, डोक्यात अबोली, आणि निघाल्या धक्क्यावर! ही रीत गोमीनं घातली, असं सांगतात.

गोमी खाडीपलीकडची. तुळशीची लग्नं उरकली तशी हिराजी नाखव्याची बायको होऊन इथे आली. घरात तिसरं माणूस सासू, पोसूबाई. हिराजी पाळण्यात असतानाच त्याचा बाप धुक्यात गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून पोसूबाईनं धुक्याशी उभा दावा मांडलेला. सुनेला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “उंबऱ्यावर उखाण्यात घेतलंस तेवढं बास. आता नवऱ्याचं नाव ओठांवर आणू नको. नावानं आयुष्य तुटतं.” त्या काळी साऱ्या गावाचीच ही समजूत होती, म्हणे. बायको नवऱ्याला हाक मारायची ती ‘अवो!’ एवढीच.

माघातल्या एका सकाळी सगळ्या होड्या मासळी घेऊन परतीला लागल्या होत्या, आणि धुकं उतरलं. धक्क्यावरच्या बाईला स्वतःची टोपली दिसेना. जाळ केला, तो चार पावलांवर दिसेनासा झाला. बंदरात शिरायची वाट तेव्हाही अरुंद, खडकाला वळसा घालून धक्क्याच्या टोकाशी येणारी. चुकलं की होडी फुटलीच.

बायका किनाराभर पांगल्या. जी ती आपापल्या दारासमोर उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडू लागली, “अवो! अवोऽऽ!”

आणि इथेच घोटाळा झाला. धुक्यात साऱ्या बायकांचा आवाज सारखाच. प्रत्येक गड्याला वाटलं, ही आपलीच! ज्यानं त्यानं जवळच्या ‘अवो’वर सुकाणू फिरवलं. एक होडी खडकावर चढली आणि फळ्या मोडल्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत आला. माणसं खडकाला धरून बोंबलू लागली. मागून दुसरी आदळली. बायका घाबरून आणखी जोरात ‘अवो’ करू लागल्या, आणि बाकीच्या होड्या आणखी जोरात खडकाकडे येऊ लागल्या.

गोमीच्या ध्यानात आलं. ती धक्क्याच्या टोकाकडे पळत सुटली. पोसूबाई तिच्या मागोमाग.

“सगळ्या गप व्हा!” गोमी ओरडली. “अवो म्हटल्यावर गावचे सगळेच येतात गो! एकेकाला बोलवा, नावानं बोलवा, हितूनच!”

पोसूबाईनं तिचं मनगट धरलं. “खबरदार! माझा एकुलता एक हाय तो. नाव घेतलंस तर जाईल माझा पोर.”

“नाय घेतलं तर आत्ताच जाईल, आत्याबाय.” गोमीनं मनगट सोडवून घेतलं. “उंबऱ्यावर तुमीच घ्यायला लावलंत ना? तवा नाय तुटलं आयुष्य? उखाण्यातलं नाव देव मोजत नाय. आन् आज हा धक्का उंबराच हाय, बाहेरचा माणूस घरात घ्यायचाय.”

तिनं कमरेला पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घेतलं नाव:

“आभाळ आलं खाली, दिसंना दर्याचा काठ,
हिराजीचं नाव घेते, हाकेची धरा पाठ!”

क्षणभर लाटांशिवाय काही ऐकू येईना. मग धुक्यातून, नेमका वाटेच्या अंगानं, हसण्याचा आवाज आला. “आलो गो, गोमेऽऽ!” पाठोपाठ होडीचं नाक दिसलं, मग शीड, मग हिराजी! पोसूबाईनं पुढे होऊन होडीच्या नाकाला हात लावला. हिराजीनं दोर फेकला तो पहिल्याच खुंटाला, आणि लगेच धक्क्यावरची लहान होडी वल्हवत खडकावरच्या माणसांना आणायला गेला.

मग काय विचारता! साऱ्या बायका धक्क्याकडे धावल्या. मी आधी, मी आधी! वर्षानुवर्षं जिभेखाली दाबलेली नावं एकेक करून बाहेर पडू लागली. एक नाव घ्यायचं, एक होडी यायची, बाकीच्या थांबायच्या. एकीला भीतीनं यमकच सुचेना. ती रडतच ओरडली, “काय जुळत नाय, काशिनाथ, ये बाबा!” काशिनाथही आला. त्याच्या बायकोला गावानं जन्मभर चिडवलं, आणि तिनं ते कौतुकानं चिडवून घेतलं, असं सांगतात. खडकावरची माणसंही सुखरूप आली.

गलका, हसणं, रडणं सगळं एकात एक मिसळलं होतं. तेवढ्यात गोमीनं पाहिलं, सासू एकटीच धक्क्याच्या टोकाशी गेली आहे. रिकामं कपाळ, डोक्यावर पदर. अशा बाईनं उखाणा घ्यायची रीत नव्हती. कुणीतरी “पोसू, अगो...” म्हणालं. गोमीनं त्या बाईच्या तोंडावर हात ठेवला.

पोसूबाई समोरच्या धुक्याला म्हणाली:

“चुलीवर निवला भात, दारात इझला दिवा,
आता तरी घरा या, माझ्या पदाजी नाखवा.”

ती होडी येणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे त्याच दिशेला बघत राहिले. पोसूबाई बऱ्याच वेळानं वळली. “त्या दिशीबी मी ‘अवो’च म्हटलं होतं, पोरी,” ती सुनेला म्हणाली. “त्यांना काय कळणार, कोन बोलवतंय?” मग स्वतः वाकली आणि लेकाच्या होडीचा दोर पहिल्या खुंटावरून सोडून दुसऱ्याला बांधला.

आजही धुकं उतरलं की शहर धक्क्यावर जमतं. नाखव्यांच्या खिशात आता फोन असतो आणि होडीत वाट दाखवणारं यंत्रही असतं, पण बायकोनं नाव घेतल्याखेरीज कुणी आत येत नाही, बाहेर ताटकळतात. चेष्टा होते, यमकं फसतात. पण पहिलं नाव घ्यायचा मान असतो तो जिचा माणूस परतला नाही तिचा. ती नाव घेते, आणि मग पुढची लगेच तोंड उघडत नाही. आजही सगळे जण थोडा वेळ थांबून धुक्याकडे बघतात. पहिला खुंट मोकळा असतोच.