घाण्याचा सोमवार

साखरबावडी या गावी, ओढ्याकाठच्या बेलाच्या झाडाखाली, श्रीशिवगीर महाराजांचे वास्तव्य असताना घडलेली ही हकीकत भाविकांनी शांत चित्ताने श्रवण करावी.

गावात वीरभद्र शेटचा तेलघाणा होता. त्यावर इरण्णा नामक गरीब भक्त कामास होता. शिवाचा वार म्हणून घाण्याच्या बैलाला दर सोमवारी जुंपीत नसत. इरण्णाला मात्र त्या दिवशीही पेंड फोडणे आणि डबे वाहणे चुकत नसे. त्यातच जत्रा जवळ आली. देवळाच्या दीपमाळेचे तेल गुरुवारपर्यंत देण्याचे शेटने कबूल केले आणि इरण्णाच्या मागे अहोरात्र तगादा लावला. त्याला अन्न गोड लागेना, झोप येईना. शेटची नुसती चाहूल लागली तरी छातीत धडधडू लागे.

त्याने महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "कामाने हात दुखतात, बाळा. छाती धडधडते ती धाकाने. या सोमवारी इथे येऊन नुसता बस."

सोमवारी इरण्णाने घाण्यावर जाऊन सांगितले की, आज आपण काम करणार नाही.

चार गिऱ्हाइकांदेखत शेट हसला. "सुट्टी बैलाला असते. तू काय बैल लागून गेलास?"

"बैल असतो तर बरे होते, शेट. त्याची मान तरी तुम्ही सोडता."

एवढे बोलून तो बेलाखाली जाऊन बसला. काम सुटल्यावर खायचे काय हा घोर मनात होता, तथापि तो उठला नाही.

संतापाच्या भरात शेटने बैलाचाही सोमवार मोडला व त्याला स्वतः जुंपले. तो काय नवल! बैल जो खाली बसला तो उठेचना. मंगळवारी इरण्णा वेळेवर कामास आला, तर शेटने त्याला दारातूनच हाकलले. शेजारच्या गावाहून दुसरा बैल आणला. तोही पहिल्याजवळ जाऊन बसला. बुधवार उजाडला. आता दीपमाळ अंधारात राहणार, या भयाने शेट बेलाकडे धावला आणि इरण्णाने बैलांवर करणी केली, असा कांगावा करू लागला.

महाराज म्हणाले, "बैल थकला, इरण्णा थकला. ताजा तूच आहेस, वीरभद्रा. जू तू घे."

महाराज इरण्णाला घेऊन घाण्यावर आले व सारा गाव भोवती जमला. शेटने ईर्षेने जू खांद्यावर घेतले. फेऱ्यांमागून फेरे झाले, परंतु तिळांतून तेलाचा थेंब गळेना. त्याची छाती भात्यासारखी हलू लागली. अखेर गुडघे टेकून तो पुटपुटला, "इरण्णा, आता होत नाही रे."

त्या शब्दासरशी घाण्यातून तेलाची धार लागली आणि डब्यांमागून डबे भरले! दोन्ही बैल शेपटी झटकून उभे राहिले.

शेट महाराजांच्या चरणांवर वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "आधी त्याचे."

शेटने इरण्णाच्या धुळकट पायांवर मस्तक ठेवले. इरण्णाने त्याला उठवले, जुवाने सोललेल्या त्याच्या खांद्याला ताजे तेल लावले आणि म्हणाला, "येत्या सोमवारीही मी येणार नाही, शेट. तुम्हीच तिकडे बेलाखाली बसायला या."