द्वारकाबाईंची हमी

त्या वर्षी मासळीला भाव नव्हता, बाजार थंड होता. वेळशी बंदरावरच्या होड्यांच्या प्रदर्शनात लोक यायचे आणि नुसते बघून परतायचे. विश्राम मेस्त्रींनी बांधलेली सागवानी होडी कोपऱ्यात उभी होती. ती विकली गेली नाही, तर त्यांचा होड्या बांधायचा मांडव कायमचा बंद होणार होता.

शेवटी एक तरुण कोळी जोडपं होडीपाशी थांबलं. तेवढ्यात शेजारचे फायबर होड्यांचे व्यापारी दळवीशेठ छापील कागद फडकावत आले.

"ही बघा, दहा वर्षांची लेखी हमी! मेस्त्री, तुमची हमी कुठाय?"

विश्राम गोंधळले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई पुढे झाल्या.

"ही काय, तुमच्यासमोर उभी आहे! आमची नवी होडी पाण्यात उतरली, की पहिल्या फेरीला हे मलाच शेजारी बसवून समुद्रात नेतात. चाळीस वर्षं झाली, शेठ. मला अजून पोहता येत नाही."

दळवीशेठ कागदाची घडी घालू लागले.

कोळ्याची बायको होडीच्या काठावरून हात फिरवत नवऱ्याला म्हणाली, "अहो, हीच घेऊया. आणि पहिल्या फेरीला मावशींच्या शेजारी मी बसणार."