उत्तरेचा सूर्य

रस्त्यावरून रुबाबदार दिसावा म्हणून क्षयरोग्यांच्या नव्या वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या नकाशात उत्तरेला काढल्या होत्या. ऊन कुठून येणार, म्हणून आर्किटेक्ट अनुजा टिपणीस कानीकपाळी ओरडत होती. तिचे साहेब खांडेपारकर यांनी कॉम्प्युटरवर सूर्यच उत्तरेला सरकवला आणि उन्हात न्हालेल्या वॉर्डाचं चित्र विश्वस्तांपुढे ठेवलं.

"कॉम्प्युटरनं काढलंय. कुणाला शंका?"

अनुजा उठली. "शंका नाही, सर. बांधकामाची परवानगी महापालिका देईल. सूर्य हलवायची कुणाकडून आणायची, तेवढं सांगा."

सभा खो खो हसली. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. अनुजाला वाटलं, वाचले बिचारे पेशंट.

"पोरगी हुशार आहे हो तुमची!" डोळे पुसत अध्यक्ष म्हणाले, आणि हसत हसतच त्यांनी त्या चित्रावर मंजुरीची सही केली.