वाळबाचा चुंबक

एका गावात वाळबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. भोळा हा शब्द गावाने भिडेखातर वापरलेला. लेक लग्नाला आली, तरी याच्या डोक्यात एका वेळी एकच वाक्य मावायचं. तेही दुसऱ्याचं.

त्याचे मामा शिवबा लोहार. एकदा भट्टीपुढची माती निवडायला त्यांनी वाळबाला चुंबक दिला.

"चिकटेल ते लोखंड. ते ठेव. चिकटणार नाही ते टाकून दे."

माती नीट निवडली गेली. तिथेच थांबला असता तर तो वाळबा कसला? चुंबक घेऊन घरी गेला. तांब्याच्या घागरीला लावला. चिकटला नाही. घागर आडात. पितळेचे देव आडात. चांदीची जोडवी आडात. मग बायकोची सोन्याची माळ.

"अहो, माझी माळ!" सगुणा किंचाळली.

"लोखंड नव्हती गं ती. बरं झालं, वेळेत कळलं."

गाव दोन दिवस आड उपसत होतं. मामांनी कपाळाला हात लावला.

"अरे दगडा, सोनं, चांदी, तांबं, पितळ चुंबकाला चिकटतच नाही! न चिकटणारं घरात जपून ठेव. चिकटेल ते माझ्या भट्टीवर आण. तापवून, ठोकून कामाचं करतो."

दुसऱ्या दिवशी तवा, कढई, विळी आणि शेजाऱ्याची पहार भट्टीवर हजर. सगुणा थापलेली भाकरी हातावर घेऊन चुलीपुढे बसून राहिली.

"यापुढे कुठल्याही वस्तूला चुंबक लावायचा नाही!" मामा ओरडले.

"वस्तूला नाही लावणार, मामा. शपथ."

त्याच आठवड्यात लेकीला, काशीला, बघायला सहा पाहुणे आले. मुलगा मास्तर होता. काशीने दाराआडून पाहिला आणि तिच्या मनात भरला. पोह्यांसाठी कढई मागायला मायलेकी शेजारी गेल्या. ओसरीवर वाळबा पाहुण्यांकडे बघत बसला. पाहुणे म्हणजे काही वस्तू नव्हेत.

घटकाभराने तो मुलाला हाताला धरून ओढत भट्टीवर आला. मुलाच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी होती. अंगठीला चुंबक लटकत होता.

"मामा, जावई चिकटला. तापवा आणि ठोका."

मामांच्या हातातला घण गळून पडला. "अरे, आणि बाकीचे पाहुणे?"

"ते पाचही जण चिकटले नाहीत. कुलूप चिकटत होतं, म्हणून दार बाहेरून सुंभाने बांधलं. घरात अगदी जपून ठेवलेत."