तोंडचे पाणी

आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून सागरगोटे खेळत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होते आणि त्या गावात एक मावशी होती. कुणाची मावशी म्हणाल, तर सगळ्यांचीच. कुणाच्या चुलीवर काय शिजते, कुणाची सून माहेराहून कधी परतली, हे तिला त्या घराच्याही आधी ठाऊक. मनाने मोठी प्रेमळ हो! पण देवाने जिभेला खालून दोरी बांधून दिली आहे ती कशासाठी, हे काही तिला कळले नव्हते.

एके दिवशी देवीची नथ नाहीशी झाली. पाणवठ्यावर मावशी सहज बोलून गेली, की सकाळी कुंभाराची नवी सून देवळातून लगबगीने निघताना दिसली होती. बस, एवढेच. पण बोलणे पाणवठ्यावरून चावडीवर पोचेस्तोवर सुनेच्या पदराला गाठ आली, आणि गाठीत नथही आली.

त्या गावचा एक जुना रिवाज होता. ज्याच्यावर आळ येई, त्याने देवीच्या ओटीतले मूठभर तांदूळ चावून केळीच्या पानावर थुंकायचे. तांदूळ ओले निघाले तर तो साव. कोरडे निघाले तर चोर, आणि चोराने दिवस मावळायच्या आत गाव सोडायचे.

सगळे गाव पारावर जमले. सून मधोमध उभी होती. ओठ ओले करायला तिने जीभ फिरवली, तर जीभ टाळूलाच चिकटली. मावशीने ते पाहिले. ही पोर तांदूळ चावणार कशी? काहीतरी बोलावे म्हणून तिने तोंड उघडले, तर काय, गावातली सगळ्यात सैल जीभ लाकडासारखी झालेली!

मावशी चमकली. मी तर नथीला बोटही लावलेले नाही. मग माझे तोंड का सुकले?

गर्दीतून वाट काढत ती सुनेच्या पुढे जाऊन उभी राहिली. महत्प्रयासाने म्हणाली, “पाटीलबाबा, आधी मला द्या.”

“इथंही तुझंच नाक पुढं का गं?” पाटील म्हणाले. लोक हसले. पण पाटलांनी तांदूळ दिले.

मावशीने चावले आणि पानावर थुंकले. पानावर पडले ते पीठ. कोरडे ठक्क. लोकांचे हसू जागच्या जागी विरले.

मावशीने ओचा सोडला. आमटीत घालायला सकाळी वेचलेल्या कच्च्या चिंचा त्यात होत्या. तिने एक कडकन चावली. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी आवंढे गिळले. बायकांनी डोळे गच्च मिटले. पाटलांच्या कानाखाली अशी कळ आली, की त्यांचा हात आपसूक जबड्याकडे गेला.

मावशीने आणखी एक मूठ मागून घेतली. या खेपेला तांदूळ चिंब ओले निघाले.

“मघा मी चोर होते, आता साव झाले,” मावशी म्हणाली. “मध्ये काय घडलं? एक चिंच खाल्ली. कानाखाली, जबड्याखाली, जिभेखाली देवानं झरे ठेवलेत, बाबा. त्यांना आंबट कळतं, भीती कळते. चोरी कळत नाही.”

“पण तुला कसली भीती?” पाटलांनी विचारले.

मावशीने सुनेकडे पाहिले. “मी हिला लगबगीनं जाताना पाहिलं, तेवढंच खरं. गाठ मी पाहिली नाही. कुणीच पाहिली नाही. आज ही पोर देशोधडीला लागली असती, ती माझ्या जिभेपायी.”

मग तिने तांब्याभर पाणी आणून सुनेच्या हाती दिले. सून घटाघटा प्यायली. पाठीवर हात फिरवत मावशीने विचारले, “आता सांग बाळ, घाई कसली होती?”

सकाळपासून हे कुणी विचारलेच नव्हते.

सून म्हणाली, “मडकी भाजायला आवा पेटवायचा होता, सासूबाई खोळंबल्या होत्या. मी गेले तेव्हा पुजारीबाबा देवीच्या गळ्यातला सुकलेला हार काढत होते. हार कुठंतरी अडकला, तर त्यांनी ओढून काढला.”

पुजारी चपापले. सगळे देवळामागच्या निर्माल्याकडे धावले. उपसता उपसता झेंडूच्या एका हारात, दोऱ्याला अडकलेली नथ लकाकली. पुजाऱ्यांनी पोरीसमोर हात जोडले. पोरीने आधी गर्दीत उभ्या नवऱ्याकडे पाहिले, मग हसली, मग रडली.

त्या दिवसापासून तांदळाचा रिवाज बंद झाला. सुनेने स्वतःच्या हाताने एक माठ घडवून पारावर ठेवला. कुणावर आळ आला, की आधी त्याला माठातले गार पाणी देत, मग विचारपूस करीत. आणि मावशी? ती काही गप्प बसली नाही, पण बोलण्याआधी जिभेखालची दोरी चाचपायला मात्र शिकली.

म्हणून लहानथोर हो, एवढे ध्यानात ठेवा: ज्याच्याकडून खरे ऐकायचे असेल, त्याच्या तोंडचे पाणी आधी पळवू नये.