चपला घालून आत या

एकदा एक कारखानदार एका निवृत्त गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर समाधान. रंगांचा त्याचा मोठा उद्योग होता, आणि मिळवलेल्यातलं काही विद्येसाठी खर्च करावं अशी बुद्धी त्याला झाली होती. अशी बुद्धी सगळ्यांनाच होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याला थोडी बोलणी बसणार आहेत.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमच्या वृंदाच्या शाळेला आमच्या कंपनीनं प्रयोगशाळा दिली, त्याला वर्ष झालं. आता तालुक्यातल्या सगळ्याच शाळांना तशी द्यावी म्हणतोय. उद्याचे शास्त्रज्ञ आपल्याच गावांतून निघाले पाहिजेत. तुम्ही फक्त एकदा येऊन बघा. तुमचा शब्द मिळाला की मी कामाला लागलो."

वृंदा ही गुरुजींची शिष्या. त्यांच्याच हाताखाली रसायनशास्त्र शिकली आणि एका आडगावच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली. ही प्रयोगशाळा मिळावी म्हणून तिनं कंपनीच्या कचेरीत किती खेटे घातले, किती दुपारी बाहेरच्या बाकावर काढल्या, ते तिचं तिलाच ठाऊक. अखेर मिळाली, पण एका अटीवर. दारावर तशी पाटीच होती: 'येथील वस्तू फुटल्यास मदत बंद करून सर्व साहित्य दुसऱ्या शाळेस देण्यात येईल.' त्या पाटीपायी बिचारीचा जीव वर्षभर टांगणीला लागला होता.

ठरल्या दिवशी गुरुजी आणि कारखानदार शाळेत आले. वृंदानं खोली अशी ठेवली होती की बघत राहावं. काचेची कपाटं लख्ख पुसलेली. चंचुपात्रं उंचीप्रमाणे ओळीनं मांडलेली. सूक्ष्मदर्शकावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून तसंच. दाराबाहेर मुलामुलींच्या चपला शिस्तीत काढून ठेवलेल्या, आणि आत सगळा नववीचा वर्ग अनवाणी, हाताची घडी घालून भिंतीलगत उभा. कारखानदार भारावून गेला. त्यानं आपले बूट काढले आणि जवळजवळ हात जोडूनच तो आत शिरला.

गुरुजी मात्र चपलांसकट आत गेले.

वृंदा चपापली. हे गुरुजी परक्याच्या ओसरीवरसुद्धा कधी चपला घालून चढायचे नाहीत. वयापरत्वे विसरले असतील अशी मनाची समजूत घालून ती हळूच जवळ गेली. "गुरुजी, चपला..."

"आहेत की पायात," गुरुजी म्हणाले आणि पुढे चालू लागले.

आता यावर तिनं काय बोलावं? मुलं खालमानेनं हसू दाबत होती. कारखानदार आपल्या मोज्यांकडे आणि गुरुजींच्या धुळकट चपलांकडे आळीपाळीनं बघत होता. गुरुजींनी एकेक कपाट शांतपणे न्याहाळलं, मग वर्गाकडे वळून विचारलं, "काय रे, मेण किती अंशाला वितळतं?"

"त्रेपन्न!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. कारखानदाराला कोण आनंद झाला.

"वा! आणि ते वितळताना कुणी पाहिलं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी तस्लीम नावाची एक धीट मुलगी म्हणाली, "बाईंनी पाहिलं, सर. आम्ही फळ्यावरून उतरवून घेतलं. आम्ही हात लावला तर फुटेल ना."

वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घाईघाईनं सांगू लागली, "गुरुजी, सगळे प्रयोग मी स्वतः करून दाखवते. एकही गाळत नाही. आणि वर्षभरात इथली एक परीक्षानळीसुद्धा फुटलेली नाही!"

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही!" हे उत्तर कारखानदारानंच अभिमानानं दिलं. "म्हणून तर तुम्हाला घेऊन आलो."

हे ऐकून गुरुजींचा चेहरा उतरला. का उतरला, ते कुणालाच कळेना. इतकी चांगली बातमी ऐकून कुणी असं तोंड करतं का? ते मुलांना म्हणाले, "बाळांनो, बाहेर जा आणि चपला घालून आत या."

मुलं जागची हलेनात. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कारखानदाराकडे पाहिलं. कारखानदारानं छताकडे पाहिलं, कारण त्याला दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना. "अरे जा म्हणतो ना!" गुरुजींनी आवाज चढवला. मग एकच गोंधळ उडाला. ही माझी, ती तुझी करत, धक्काबुक्की करत पोरं बाहेर गेली आणि धुळीचे ठसे उमटवत परत आली. सकाळी वृंदानं स्वतः पुसलेली फरशी बघता बघता मळली. तिला रडू यायचंच बाकी होतं.

गुरुजींनी सगळ्यांना मागे भिंतीशी सरकायला सांगितलं. ओळीतलं एक चंचुपात्र उचललं, हात लांब केला आणि सोडून दिलं.

खळ्ळकन आवाज झाला. काचा टेबलाखालपर्यंत उडाल्या.

"गुरुजी!" वृंदाच्या तोंडून किंकाळीच फुटली. समोर वर्ग आहे, पाहुणा आहे, याचं तिला भान राहिलं नाही. "हे काय केलंत तुम्ही? एकेक वस्तू मी जिवापाड जपली हो! तुम्ही दोन शब्द चांगले बोलाल म्हणून वाट बघत होते, आणि तुम्हीच... आता ही खोली उचलून नेतील. या पोरांनी मग काय करायचं?"

कारखानदाराचाही पारा चढला होता. "दुसरा कुणी असता तर मी ऐकून घेतलं नसतं, गुरुजी. लोक फुकट मिळालेल्याची किंमत ठेवत नाहीत, म्हणून ती अट घातली मी. काही चुकलं का माझं?"

"मग पाटीवर लिहिल्याप्रमाणे करा, शेठ. न्या उचलून," गुरुजी शांतपणे म्हणाले. वृंदाला आपण काय ऐकतो आहोत तेच उमगेना. "जाण्यापूर्वी एवढं सांगा. तुमच्या कारखान्यात पहिला रंग मनासारखा जमला, त्याआधी किती माल वाया गेला?"

"अहो, तो कुणी मोजलाय?" कारखानदार तावातावानं म्हणाला. "सुरुवातीची दोनतीन वर्षं फेकतच होतो मी. कधी रंग फाटायचा, कधी वाळायचाच नाही. वडील रोज शिव्या घालायचे. पण पिंपं काही त्यांनी काढून घेतली नाहीत माझी..."

आणि बोलता बोलता तो थांबला.

गुरुजी म्हणाले, "शेठ, या खोलीत काही फुटलं नाही, कारण या खोलीत काही घडलंच नाही. जिथे काच आणि आम्ल हाताळायचं असतं, तिथे शहाणा माणूस अनवाणी जात नाही. ही पोरं अनवाणी येतात, कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे की इथे लांबून दर्शन घ्यायचं आहे. तुम्ही वस्तू दिल्यात, त्या बिघडवण्याची मोकळीक दिली नाहीत. त्या मोकळिकीवाचून पुजारी घडतील, शास्त्रज्ञ घडायचा नाही. पहिली काच मी फोडली ती मुद्दाम. पहिली फोडणाऱ्याला सगळ्यात जास्त बोलणी बसतात. यांच्यातलं एखादं पोर त्या बोलण्यांनी कायमचं मागे सरलं असतं. मी म्हातारा, मला काय होणार?"

"म्हणजे वर्षभर मी चुकीचंच केलं?" वृंदानं विचारलं.

"अगं, तू भीतीपोटी जपलंस. तुझ्या जागी मी असतो तरी कुलूपच लावलं असतं."

कारखानदारानं बाहेर जाऊन बूट घातले आणि तो पुन्हा आत आला. "धंद्यात आम्ही वाया जाणारी घट आधीच धरून चालतो," तो ओशाळून म्हणाला. "नेमका इथेच कसा विसरलो कोण जाणे! बाई, पाटी आजच काढायला सांगतो. इथून पुढे काय फुटलं ते कळवा, त्या जागी नवीन येईल. बाकीच्या शाळांनाही हेच." वृंदानं मान डोलावली, पण तिचं मन अजून गोंधळलेलंच होतं. गुरुजींचं बोलणं तिला समजत होतं, पण पटत नव्हतं. ते दोघे गेल्यावर तिनं काचा गोळा केल्या, आणि त्या केराच्या टोपलीत टाकताना तिला त्यांचं वाईटच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात, मुलं पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी प्रयोग करत असताना, पुन्हा तोच आवाज झाला. वृंदा दचकून वळली. तस्लीम टेबलाशी उभी होती, पायाशी काचा आणि गरम पाणी. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळा वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघत होता.

"लागलं का गं?" वृंदानं विचारलं.

तस्लीमनं नकारार्थी मान हलवली.

"मग सांग, काय करत होतीस?"

"बाई, पाण्यात मीठ घातलं की ते उकळायला जास्त तापवावं लागतं," तस्लीम अडखळत म्हणाली. "मला बघायचं होतं, साखर घातल्यावरही तसंच होतं का. पुस्तकात दिलेलं नाही."

उत्तर वृंदाला येत होतं. ते तिच्या जिभेवरही आलं होतं. तिनं ते गिळलं, कपाटातून दुसरं चंचुपात्र काढलं आणि तस्लीमच्या हातात दिलं. गुरुजींचं म्हणणं पटायला तिला एवढा वेळ लागला.

विज्ञानासाठी ज्यांना काही द्यायचं आहे, त्यांनी जरूर द्यावं; मात्र देताना थोडं फुटण्यासाठीही द्यावं.